घडवावे की विकत घ्यावे?

रविवार, २९ डिसेंबर २०२४ च्या रात्री बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात प्रो कबड्डी लीगच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे नमवून प्रथमच करंडक पटकावला. सामना पुण्यात होता. पुण्याचा संघ मात्र त्यात नव्हता. गतविजेत्या पुणेरी पलटणला त्या हंगामात बाद फेरीही गाठता आली नव्हती. जखमेवर मीठ चोळणारी गोष्ट आणखी वेगळीच. हरियाणाच्या बचावफळीत इराणचा मोहम्मदरेझा शादलुई उभा होता. दहाच महिन्यांपूर्वी, १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत, याच शादलुईने पुण्याची जर्सी घालून पुण्याच्या पहिल्या विजेतेपदाचा आनंद साजरा केला होता.

सोमवारी तळवड्याच्या सॉफ्टवेअर पार्कबाहेरच्या टपऱ्यांवर चहापेक्षा हीच चर्चा अधिक उकळत होती. संगणकावर काम करणारे तरुण आणि शेजारच्या शेडमधले सीएनसी ऑपरेटर एरवी एका बाकावर बसत नाहीत; त्या दिवशी बसले होते. सर्वांचा प्रश्न एकच, ‘‘सोडलाच कशाला?’’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मात्र टपरीवर मिळण्याइतके सोपे नाही, कारण ते एका खेळाडूपुरते नाही. हाताशी असलेली कोवळी पोरे सांभाळावीत, की त्यांच्यावरचा हक्क सोडून तयार, नावाजलेला गडी आणावा, हा पेच जगातल्या प्रत्येक व्यावसायिक लीगला पडलेला आहे. आणि ज्या बाकावर ही चर्चा चालली होती, त्यामागच्या पत्र्याच्या शेड्सनाही तो रोज पडतो.

या पेचाचे सर्वांत उघडे रूप अमेरिकी फुटबॉलमध्ये दिसते. तिथे दरवर्षी महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंची निवड ‘ड्राफ्ट’ पद्धतीने होते. आदल्या हंगामात जो संघ तळाला राहिला, त्याला पहिली निवड. हा निवडहक्क विकता येत नसला तरी बदल्यात देता येतो, आणि तोही केवळ यंदाचा नव्हे, तर पुढच्या वर्षांचाही. म्हणजे अजून महाविद्यालयात शिकत असलेल्या, कदाचित अजून कोणी नावही न ऐकलेल्या मुलावरचा हक्क आज बाजारात मांडता येतो. शेतकरी उभे पीक तारण ठेवतो. हे त्याच्याही पुढचे, न पेरलेल्या पिकाचे तारण!

ऑक्टोबर १९८९ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाने हर्शेल वॉकर या एका धावपटूसाठी डॅलस काउबॉईजला पाच खेळाडू आणि पुढच्या काही वर्षांचे निवडहक्क देऊन टाकले. डॅलसने त्या हंगामात सोळापैकी अवघा एक सामना जिंकला होता, त्यामुळे आपला सर्वोत्तम गडी विकणाऱ्या डॅलसच्या व्यवस्थापनाला लोकांनी वेड्यात काढले. पुढे त्या हक्कांच्या बळावर उभ्या राहिलेल्या तरुण संघाने १९९३, १९९४ आणि १९९६ च्या जानेवारीत ‘सुपर बोल’ जिंकला. मिनेसोटाला तो मान आजतागायत मिळालेला नाही. ही कथा तरुणांची पाठराखण करणारे नेहमी सांगतात. त्यांच्या सोयीची नसलेली दुसरी कथा लॉस एंजेलिस रॅम्स संघाची आहे. या संघाने २०१७ ते २०२३ या सात वर्षांत पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही. हक्क देत गेले आणि तयार खेळाडू घेत गेले. २०२१ च्या आरंभी त्यांनी पहिल्या फेरीचे दोन हक्क, तिसऱ्या फेरीचा एक आणि स्वतःचा जारेड गॉफ देऊन डेट्रॉइटकडून मॅथ्यू स्टॅफर्ड आणला आणि वर्षभरातच, फेब्रुवारी २०२२ मध्ये, घरच्या मैदानावर विजेतेपद मिळवले. गंमत अशी, की डेट्रॉइटचाही यात तोटा झाला नाही. वर्षानुवर्षे हास्यविषय ठरलेला तो संघ मिळालेल्या हक्कांतून आणि गॉफच्याच नेतृत्वाखाली उभा राहिला आणि जानेवारी २०२४ मध्ये उपान्त्य फेरीपर्यंत गेला. एकाच सौद्यात घेणारा आणि देणारा दोघेही शहाणे ठरले.

पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी या निवडहक्कांच्या बाजाराचा अभ्यास केला आहे. संघ पहिल्या काही क्रमांकांच्या हक्कांना अवाच्या सवा किंमत मोजतात, उलट जरा मागच्या क्रमांकांवर मिळणारी मुले पगाराच्या मानाने अधिक किफायतशीर ठरतात. आणि पुढच्या वर्षीचा हक्क मात्र संघ फार स्वस्तात सोडून देतात, असे त्यांना आढळले. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. पुढचे वर्ष स्वस्तात का जाते? कारण सौदा करणाऱ्या प्रशिक्षकाला पुढच्या वर्षी आपण खुर्चीवर असू की नाही याचीच खात्री नसते. झाडाची सावली ज्याला मिळणार नाही, त्याने रोप का जपावे?

आपल्याकडे ‘ड्राफ्ट’ हा शब्द घरोघरी पोचला तो इंडियन सुपर लीगमुळे. २०१४ मध्ये या लीगचा पहिला ड्राफ्ट झाला, २०१७ मध्ये आणखी एक मोठा झाला, आणि मध्ये २०१५ साली निवडक दहा खेळाडूंचा लिलावही झाला. त्या लिलावात एफसी पुणे सिटीने युजेनसन लिंगडोहसाठी १ कोटी ५ लाख रुपये मोजले. पुण्यात तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले. हंगामाच्या अखेरीस आठ संघांत पुणे सातवे होते. एका गड्याने संघ होत नाही, हे सांगायला खरे तर कोटभर रुपये खर्चण्याची गरज नव्हती.

याच क्लबने पुढे एक शहाणपणाची गोष्ट केली, तिचे मोल मात्र त्याच्या पदरी पडले नाही. २०१७ च्या ड्राफ्टपूर्वी क्लबने गोलरक्षक विशाल कैथ आणि तरुण आशिक कुरुनियन यांना राखले. आशिक हा केरळचा मुलगा पुण्याच्याच अकादमीत वाढलेला. जोडीला मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो असे सिद्ध परदेशी आक्रमक आणले. २०१७-१८ मध्ये पुणे प्रथमच उपान्त्य फेरीत पोचले. घडवलेले आणि घेतलेले यांचा मेळ बसू लागला होता. पण २०१९ मध्ये क्लबच बंद झाला, त्याची जागा हैदराबादने घेतली. आशिक बंगळुरूला गेला, कैथ चेन्नईला आणि कालांतराने दोघेही मोहन बागानकडे. २०२२-२३ च्या हंगामात सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान कैथला मिळाला, तेव्हा त्यावर टाळ्या वाजवायला पुण्याचा क्लबच उरला नव्हता. २००७ साली स्थापन झालेल्या पुणे एफसीची कहाणीही याहून फार वेगळी नाही, आणि डीएसके शिवाजियन्सच्या अकादमीतून गेलेला लालियानझुआला छांगटे आज देशाचा खेळाडू आहे. संघ मात्र इतिहासजमा झाला. तरुणांत गुंतवणूक करायची तर आधी स्वतः दहा वर्षे जगावे लागते. पुण्याच्या फुटबॉलला ते जमले नाही.

कबड्डीला जमले. म्हणून हा प्रश्न पुण्यापुरता तपासायचा तर पुणेरी पलटणचाच हिशेब मांडायला हवा.

२०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हापासून या संघाने बराच काळ दुसरा मार्ग चोखाळला. २०१८ च्या लिलावात नितीन तोमरला १ कोटी १५ लाखांना घेतले. संघ बाद फेरीबाहेर राहिला. पुढे धोरण हळूहळू पालटले. लीगच्या नियमांत ‘नवे तरुण खेळाडू’ असा एक वर्ग आहे. ही मुले लिलावात न जाता ठरीव मानधनावर थेट संघात येतात आणि संघाला ती पुढेही राखता येतात. आपल्या फुटबॉलमध्ये न रुजलेला निवडहक्क कबड्डीत या वाटेने आला म्हणायचे. पंकज मोहिते असाच आला. डिसेंबर २०२१ मध्ये, प्रेक्षकांविना बंगळुरूत झालेल्या आठव्या हंगामात, मोहित गोयत आणि अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आले. त्या संघात राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही लीगमधली दोन मोठी नावे होती. हंगाम संपताना चढाईचा भार मात्र या दोन पोरांच्या खांद्यावर होता. संघ व्यवस्थापनाने हे केवळ पाहिले नाही, त्यावर विश्वास ठेवला. पुढच्या हंगामात नावाजलेल्यांना निरोप देऊन तरुणांना राखले. प्रशिक्षक म्हणून बी. सी. रमेश आले आणि पैसा खर्च झाला तो जिथे उणीव होती तिथेच, म्हणजे बचावात. फजल अत्राचलीला १ कोटी ३८ लाख. संघ अंतिम फेरीत गेला आणि जयपूरकडून ३३-२९ असा हरला. २०२३ च्या लिलावात शादलुईला २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. पाच कोटींच्या एकूण थैलीतली ही जवळजवळ निम्मी रक्कम!

अनेकांनी तेव्हा नाके मुरडली. पण या आकड्याची दुसरी बाजू अशी, की उरलेल्या निम्म्यात संघ उभा राहिला तो अस्लम, मोहित, पंकज, आकाश शिंदे, अभिनेश, संकेत सावंत, गौरव खत्री यांच्यामुळे. ही मुले जर बाजारभावाने घ्यावी लागली असती, तर शादलुईसाठी रुपया उरला नसता. तरुणांना सांभाळण्यामागे भावनेपेक्षा हे गणित अधिक असते. घरची पोरे स्वस्तात तयार झाली, म्हणून बाहेरचा एक महागडा गडी परवडला. त्या हंगामात पुण्याने साखळीतले बावीसपैकी १७ सामने जिंकले, केवळ दोन गमावले, ९६ गुणांनी अग्रस्थान मिळवले आणि अंतिम सामन्यात हरियाणाला २८-२५ असे हरवले. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू अस्लम, सर्वोत्तम बचावपटू शादलुई. एक घडवलेला, एक घेतलेला.

ज्यांनी केवळ घेतले, त्यांचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. २०२२ मध्ये पवन सेहरावतला तमीळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो हंगामातून बाहेर गेला. मग नरेंदर होशियार या नवख्या चढाईपटूने तो संघ ओढत प्रथमच उपान्त्य फेरीत नेला. तारा गेला म्हणून उजेड पडला, असा विलक्षण प्रकार. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले आणि संघ तळाला राहिला. पाटण्याला सलग तीन विजेतेपदे मिळवून देणारा प्रदीप नरवाल २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाखांना उत्तर प्रदेशकडे गेला; तिथे पाटण्यातले दिवस परत आले नाहीत. यात पवन किंवा प्रदीप यांच्या गुणवत्तेला उणे लेखायचे कारण नाही. दोष थैलीचा. एका नावावर निम्मी थैली रिकामी केल्यावर उरलेल्या जागा कोणी भरायच्या, याचे उत्तर त्या संघांकडे तयार नव्हते.

आता टपरीवरच्या प्रश्नाकडे येऊ. शादलुईला सोडला कशाला? कारण घडवलेली पोरे कायम स्वस्त राहत नाहीत. अस्लम आणि आकाश शिंदे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतून सुवर्णपदक घेऊन आले. अशा खेळाडूंना राखायचे तर त्यांची किंमत द्यावी लागते, आणि ती देऊन वर दोन कोटींचा बचावपटू ठेवणे थैलीच्या मर्यादेत कठीण होत जाते. पुण्याने तरुणांची बाजू घेतली. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. नेमका त्याच हंगामात अस्लम दुखापतीने बाहेर पडला आणि बचावाची भिंतही उरली नव्हती. हिशेब चुकला, असे तेव्हा वाटणे स्वाभाविक होते. हरियाणाने तरी वेगळे काय केले? मनप्रीत सिंग यांनी शिवम पटारे, विनय, जयदीप, राहुल सेठपाल अशी फळी आधी तयार केली होती. शादलुई तिच्यावर येऊन बसला. पुण्याचाच कित्ता त्यांनी गिरवला, एवढेच. आणि हा ‘प्रस्थापित’ शादलुई तरी मुळात कोण? २०२१ मध्ये पाटण्याने अवघ्या ३१ लाखांत आणलेला एक अपरिचित इराणी पोरगा.

पुढच्या वर्षी, ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी, पुणे पुन्हा अंतिम फेरीत होते. अजय ठाकूर प्रशिक्षक, अस्लम कर्णधार, आदित्य शिंदेसारखा नवा चढाईपटू. दिल्लीने तो सामना ३१-२८ असा जिंकला. दिल्लीच्या बचावात एकेकाळचा पुण्याचाच कर्णधार फजल अत्राचली होता, हे टपरीवर कोणीतरी आठवण करून देणारच. पण चार हंगामांत तीन अंतिम फेऱ्या, हा हिशेब नावे विकत घेत सुटलेल्या एकाही संघाला दाखवता आलेला नाही. प्रस्तुत लेखकाचे मत सरळ आहे: २०२४ मध्ये पुण्याने करंडक गमावला, पण संघ गमावला नाही.

मात्र या सर्व हिशेबात एक खाते कोरे राहते, आणि त्यासाठी तळवड्याकडे परत यावे लागते.

इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. एका अंगाला सॉफ्टवेअर पार्क, दुसऱ्या अंगाला शेकडो लहान शेड्स. या शेड्समध्ये चाकण आणि भोसरीच्या मोठ्या कारखान्यांसाठी जॉबवर्क चालते. आयटीआयमधून आलेला मुलगा इथे मशिनवर उभा राहतो. पहिले सहा महिने तो रिजेक्शन वाढवतो, टूल मोडतो, शिव्या खातो. वर्ष-दीड वर्षात त्याचा हात बसतो; ड्रॉइंग वाचू लागतो, सेटिंग करू लागतो. आणि मग एके दिवशी चाकणचा कोणी कंत्राटदार त्याला महिन्याला तीन-चार हजार अधिक देतो. मुलगा जातो. का जाऊ नये? त्याच्या घरी खोलीचे भाडे आहे, बहिणीचे लग्न आहे. इथले शेडमालक हे रागाने सांगत नाहीत, थकून सांगतात. एक जण म्हणाले, ‘‘साहेब, मी कारखाना चालवत नाही, शाळा चालवतो. फी मात्र मीच भरतो.’’ त्यांनी आता नवी मुले घेणे कमी केले आहे. तयार ऑपरेटर घेतात, तोही दुसऱ्या शेडमधून फोडलेला. प्रत्येकाने असेच केले तर तयार ऑपरेटर येणार कोठून, हे त्यांनाही कळते.

या पट्ट्याने याहून वेगळा काळ पाहिला आहे. साठच्या दशकात टेल्कोने इथे पाय रोवले तेव्हा सुमंत मुळगावकरांनी वाहने बांधण्याआधी माणसे बांधायला घेतली. टेल्कोच्या प्रशिक्षण विभागातून शिकून निघालेले टूलमेकर आणि फिटर साऱ्या पिंपरी-चिंचवडमध्ये पसरले. आज लहान शेड चालवणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. पण घेणे निराळे आणि घडवणे निराळे. कित्येक ठिकाणी शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तातला हात, इतकाच अर्थ उरला आहे. वर्ष संपले की नवा उमेदवार.

फुटबॉलने या कोऱ्या खात्याची निदान काही सोय केली आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर जागतिक महासंघाच्या नियमाने त्या रकमेचा पाच टक्क्यांपर्यंतचा वाटा त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांत घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. गावातल्या क्लबने लावलेल्या रोपाचे फळ कधीतरी गावापर्यंत येते. कबड्डीच्या लीगमध्ये, मैदानावर चुन्याच्या रेषा मारून मुलांना शिकवणाऱ्या मंडळासाठी असा वाटा नाही. पूर्वी निदान महिंद्रा, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया यांसारख्या आस्थापनांचे संघ होते. मंडळाचा मुलगा चमकला तर त्याला नोकरी लागे, आणि संध्याकाळी तोच मुलगा मंडळात येऊन धाकट्यांना पकड शिकवी. आता हंगामाचा करार होतो. दोन कोटी ३५ लाखांतला एक टक्का म्हणजे २ लाख ३५ हजार रुपये होतात. मैदानावर टाकायची जुनी मॅट, वर्षभराची अंडी-दूध आणि दिव्यांचे वीजबिल एवढ्यात भागते. लिलावातल्या प्रत्येक बोलीतून हा एक टक्का खेळाडूच्या पहिल्या मंडळाला द्यावा, असा नियम करायला कोणाची हरकत असावी?

शेड्सच्या बाबतीतही उपाय याच जातीचा आहे. शिकवलेला मुलगा दोन वर्षांच्या आत मोठ्या पुरवठा साखळीत गेला, तर शिकवणाऱ्या शेडला प्रशिक्षणाचा खर्च परत मिळावा. मुलाच्या पगारातून नव्हे, नेणाऱ्याच्या खिशातून. मुलाच्या पायात बेडी घालणारा बाँड हा त्यावरचा पर्याय नाही, हे इथल्या काही मालकांना सांगावे लागते. ते ऐकून घेतात. आयटीआयचे नवे निकाल लागतील, तेव्हा यंदा किती मुले घ्यायची हे त्यांना ठरवायचे आहे. वर उल्लेख केलेल्या मालकांनी दोन घेऊ म्हटले आहे. गेल्या वर्षी एकही घेतला नव्हता.